धूर एकीकडे, दोष दुसरीकडे : एस्टीमच्या टर्बो इंजिनाची हकिगत

घरच्या शेडमध्ये पेट्रोल इंजिनावर टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, बसवू पाहणाऱ्याला गाडी पळतानाचे व्हिडिओ हवे तितके मिळतात. पण इंजिन धूर ओकू लागले, अडखळू लागले किंवा पाणी बाहेर फेकू लागले, की पहिला पाना कुठे लावायचा हे मराठीत सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात माझे मोटार रिवाइंडिंगचे आणि पंपदुरुस्तीचे दुकान आहे. मार्च २०२३ मध्ये घेतलेल्या जुन्या मारुती एस्टीमचे इंजिन मी टर्बोसह नव्याने बांधले आणि ते भरवशाने चालायला जून २०२५ उजाडला. या काळात जे जे अडले त्याची ही क्रमवार हकिगत आहे.

गाडी २००४ची, नागपूर पासिंगची, ४६,००० रुपयांना मिळाली. इंजिन १२९८ घनसेंटिमीटरचे, सोळा व्हॉल्व्हचे, ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. पहिली अडचण मात्र इंजिनाची नव्हती. आरसी पुस्तिकेवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज कधीच फिटले होते, पण बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ कोणी भरलाच नव्हता. ज्या बँकेने कर्ज दिले ती मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती, त्यामुळे ना-हरकत पत्र कोणत्या शाखेने द्यायचे यावरच उन्हाळा गेला. पत्र हाती आल्यावर फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी माझ्या नावावर व्हायला ऑगस्ट लागला. जुनी गाडी घेताना आरसीच्या मागची बाजू आधी वाचावी आणि बोजा दिसला तर विक्रेत्याला पूर्ण रक्कम देऊ नये, एवढे यातून सांगता येईल.

त्याच फेरीत वर्ध्याच्या परिवहन कार्यालयात मी टर्बोची नोंद आरसीवर होईल का, हे विचारून घेतले. उत्तर स्पष्ट होते आणि ते रास्तही होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलांत मालकाला परस्पर बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायचीच नाही, असे तेव्हाच ठरले. नोंदणीची मुदत जून २०२४ मध्ये संपणार होती; तोपर्यंत इंजिन लोखंडी सांगाड्यावरच बांधायचे आणि नंतर गाडी ट्रॉलीवर घालून, एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात, मालकाच्या लेखी परवानगीने चालवून पाहायची, असा बेत केला. ती परवानगी तोंडी घेऊ नये. आवारात काही बरेवाईट झाले तर तो एकच कागद तुमच्या बाजूने उभा राहतो.

सप्टेंबर २०२३ पासून इंजिनाचे काम सुरू झाले. गावातल्या जाणत्यांनी एकमुखाने सुचवले की भंगारातल्या डिझेल जीपचा टर्बो बसवावा, स्वस्तात पडेल. त्याला नकार देण्याचे कारण उष्णता हे होते: डिझेलच्या तुलनेत पेट्रोल इंजिनाचा धूर बराच तापतो, भार असताना तो ९०० अंशांच्या आसपास जातो, आणि डिझेलसाठी ओतलेले टर्बाइनचे घर त्या तापाने तडकू शकते. पेट्रोल गाडीतून निघालेला टीडी०४ प्रकारचा जुना टर्बो दिल्लीहून २४,००० रुपयांना मागवला. पिस्टन फोर्ज केलेले (ओतीव नव्हे, दाबून घडवलेले), अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज, ३८,००० रुपयांना चार. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७४ वरून ७४.५ मिलिमीटर झाल्याने आकारमान १३१६ घनसेंटिमीटर झाले, आणि दाबगुणोत्तर (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) ८.५ वर आणायचे म्हणजे पिस्टन वर असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये साधारण ४४ घनसेंटिमीटर जागा उरायला हवी होती. ही जागा मोजायला महागडे साधन लागत नाही. काचेच्या तुकड्याला छिद्र पाडून तो ग्रीसने हेडवर चिकटवला आणि मेडिकलमधून आणलेल्या सिरिंजने रॉकेल सोडत चारही चेंबर मोजले.

बोअरिंग करणारे काकाजी आयुष्यभर ट्रॅक्टरचे लायनर करत आलेले आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. तरी पिस्टन आणि भिंतीमधले अंतर किती ठेवायचे यावर आमची बरीच चर्चा झाली. ओतीव पिस्टनला चालते तेवढे कमी अंतर फोर्ज पिस्टनला ठेवले तर तापल्यावर तो फुगून घासतो. म्हणून निर्मात्याच्या कागदावर ०.०७५ मिलिमीटर लिहिले होते. काकाजींनी कागद चष्म्याजवळ नेऊन वाचला आणि म्हणाले, “बापू, थंडीत टकटक वाजन हा, मंग मले नको म्हणजो.” खरोखर आजही थंड इंजिन टकटकते आणि गरम झाले की आवाज थांबतो. पिस्टनच्या रिंगचे तोंड, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, ०.३९ मिलिमीटरवर हाताने घासून आणले. टर्बो इंजिनात हे तोंड नेहमीपेक्षा मोठे ठेवावे लागते, कारण तापलेल्या रिंगची दोन टोके एकमेकांना भिडली तर पिस्टनची कडच उचकटते.

मार्च २०२४ मध्ये सांगाड्यावर इंजिन पहिल्यांदा सुरू झाले आणि काही मिनिटांत सायलेन्सरमधून असा निळा धूर निघाला की शेजारच्या गोठ्यातली जनावरे दावणीला हिसके देऊ लागली. पाहायला जमलेल्यांत दोन मेकॅनिक होते आणि दोघांचे मत एकच पडले: “भाऊ, रिंगा बसल्या नाहीत, खोला लागते.” नव्या इंजिनाचा निळा धूर म्हणजे रिंग, हा या धंद्यातला ठरलेला हिशेब आहे आणि साध्या इंजिनापुरता तो बहुतेक वेळा बरोबरही असतो. टर्बो असला की मात्र तेल धुरात शिरण्याची आणखी एक वाट उघडते, आणि दोन्ही वाटांचा धूर दिसायला सारखाच असतो. म्हणून खोलण्याआधी मोजायचे ठरवले.

चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, १३८ ते १४२ पीएसआयमध्ये आले. चारही प्लग कोरडे होते. रिंगमधून तेल वर येत असते तर निदान एखादा प्लग तरी ओला मिळाला असता. तिसरी चाचणी डिपस्टिकच्या नळीवर केली. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, तिला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक दिला, त्यात रंगीत पाणी भरले आणि एक टोक डिपस्टिकच्या जागी घट्ट बसवले. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक पडला. रिंग गेल्या असत्या तर इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये साठलेल्या दाबाने ते पाणी बाहेरच उडाले असते. मग टर्बोच्या मागचा पाइप सोडला, तर टर्बाइनच्या घरात तेलाचे थारोळे होते. इंजिन निर्दोष होते आणि तेल टर्बोच्या मधल्या भागातून बाहेर येत होते.

टर्बोच्या बेअरिंगला तेल दाबाने मिळते, पण तिथून ते तेलाच्या चेंबरमध्ये परतते ते केवळ स्वतःच्या वजनाने. परतीची नळी मोठ्या छिद्राची, सतत उताराची हवी, आणि ती चेंबरमधल्या तेलाच्या पातळीच्या वर उघडायला हवी. आमच्या चेंबरला वेल्डिंग करून बसवलेले तोंड पातळीच्या खाली होते आणि नळीला सांगाड्याच्या पट्टीखालून जाताना एक झोळ पडला होता. परतायला वाट न मिळालेले तेल टर्बोच्या सीलमधून धुराकडे निघून जात होते. तोंड वर घेतले, आतून १६ मिलिमीटरची नळी लावली, टर्बोच्या मधल्या भागाचे तेलाचे तोंड थेट खाली येईल असे फिरवले, आणि तेल देणाऱ्या बाजूला बारीक छिद्राचा अडथळा टाकला. खर्च सगळा मिळून ९०० रुपयांच्या आत. सायलेन्सरमध्ये साठलेले तेल जळेपर्यंत धूर येत राहिला, त्यामुळे पहिल्या दिवशी आम्हालाही खात्री वाटेना. दुसऱ्या दिवशी दुपारी तो थांबला.

पावसाळ्यात इंजिन गाडीत चढले. इंधन आणि ठिणगी सांभाळायला स्पीडुइनो हा खुल्या आराखड्याचा नियंत्रक लावला. वायरिंग, सेन्सर आणि रुंद पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सर धरून त्यावर ३७,००० रुपये गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये चालवायला घेतल्यावर इंजिन ४,२०० फेऱ्यांच्या आसपास जोरात झटका मारू लागले. पेट्रोल कमी पडते आहे असे वाटावे असा तो झटका होता आणि पंप बदलण्याचा सल्लाही भरपूर मिळाला. लॅपटॉपवरची नोंद मात्र वेगळे सांगत होती: झटक्याच्या क्षणी फेऱ्यांचा आकडा शून्यावर जाऊन लगेच पुन्हा ४,२०० दाखवत होता. फिरते फ्लायव्हील असे क्षणात थांबून पुन्हा त्याच वेगाने फिरू शकत नाही. म्हणजे क्रँकच्या सेन्सरकडून येणारा संकेतच तुटत होता. छत्तीस दात आणि एक गाळलेला दात अशा चाकावरून नियंत्रक क्रँकची जागा ओळखतो, आणि मध्ये एखादी खोटी लहर शिरली की त्याची मोजणी चुकते. सेन्सरची वायर अल्टरनेटरच्या जाड वायरीला बांधून नेली होती आणि तिच्यावरची जाळी दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती. दोन टोकांना अर्थ केलेल्या जाळीतून स्वतंत्र प्रवाह वाहू लागतो, हे मोटारीच्या धंद्यात असल्याने पटायला वेळ लागला नाही. वायर वेगळ्या वाटेने नेली, जाळी नियंत्रकाच्या बाजूलाच जोडली आणि झटका गेला. पंप जुनाच आहे.

नंतरची अडचण किरकोळ होती, पण तिची चाचणी सांगण्यासारखी आहे. वेस्टगेटची (जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडत दाब आवरणाऱ्या झडपेची) स्प्रिंग ०.६ बारची असून दाब ०.३५च्या वर जाईना. हवेची गळती शोधायला शेतीच्या पाइपच्या दुकानातून ६३ मिलिमीटरचे पीव्हीसी टोपण घेतले, त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवला आणि ते टर्बोच्या तोंडावर होज-क्लिपने आवळले. बाहेरून ०.७ बार हवा भरून सगळ्या सांध्यांवर साबणाचे पाणी मारले. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) वेल्डिंगमध्ये एक सुईएवढे छिद्र निघाले आणि दोन ठिकाणी सिलिकॉनची नळी गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या पाइपवरून सरकत होती. काकाजींनी पाइपांच्या टोकांना कडेने वेल्डिंगचा उंचवटा देऊन तो लेथवर सारखा केला. ही चाचणी करताना एक बारच्या वर जाऊ नये आणि टोपणासमोर कोणी उभे राहू नये; सुटलेले टोपण चांगलेच लागते. आमच्याकडे थ्री फेज वीज आठवड्याआड रात्रीची असल्याने कॉम्प्रेसरची ही कामे बहुधा मध्यरात्रीच झाली, आणि साबणाचे बुडबुडे बॅटरीच्या तिरप्या उजेडात दिवसापेक्षा चांगले दिसतात.

जानेवारी २०२५ मध्ये गाडी ०.६ बारवर नीट चालली. हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आम्ही लॅम्ब्डा या मापात (१ म्हणजे पेट्रोल जळायला नेमकी पुरेल एवढी हवा, त्याखाली म्हणजे पेट्रोल जास्त) जुळवले, दाबाखाली ०.८० वर. पंपावरच्या पेट्रोलात आता इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला एका भागासाठी १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्याला साडेतेराच्या आसपास. त्यामुळे जुन्या आकड्यांवर जाण्यापेक्षा लॅम्ब्डा पाहणे सोयीचे ठरते. इथेनॉल ओलावा धरतो, म्हणून गाडी उभी असेल तेव्हा टाकीत मी महिनाभरापेक्षा जुने पेट्रोल ठेवत नाही, आणि रबराच्या नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घेतल्या.

मार्चच्या शेवटी सगळ्यात मोठा धक्का बसला. दोन-तीनदा जोरात पळवले की पाण्याची बाटली भरून वाहू लागे, पण तापमानाचा काटा जागचा हलत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाचा रेडिएटरचा पाइप दाबून पाहिला, तर तो टणक. रात्रभर आत दाब राहिला होता, म्हणजे सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरत होती. सिलिंडरमध्ये एक-एक करून हवा भरली. तिसऱ्याची पाळी आली तेव्हा रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले. हेड आणि ब्लॉकमधली पॅकिंग गेली होती.

पॅकिंग बदलून मोकळे व्हावे असे कोणालाही वाटेल, आणि सांगणाऱ्यांनी तसे सांगितलेही. हेड उतरवल्यावर मात्र मी तिसऱ्या पिस्टनची कड भिंगाखाली पाहिली. तिथे बारीक खड्ड्यांची रांग होती आणि प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिठाच्या कणांहून लहान, चमकदार ठिपके चिकटले होते. ते ॲल्युमिनियमचे होते. हे नॉकिंगचे लक्षण आहे: मिश्रण ठिणगीच्या ज्योतीने क्रमाने जळण्याऐवजी काही भाग एकदम पेटतो, आणि त्या धक्क्याने हेड क्षणभर उचलले जाते. पॅकिंग आधी गेली नव्हती. नॉकिंगने ती मारली होती. तीच पॅकिंग नवी टाकून गाडी पळवली असती तर तीही गेली असती.

मग प्रश्न असा की ठिणगीची जी वेळ जानेवारीत निर्धोक होती, ती मार्चमध्ये का सोसेना? जुन्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. जानेवारीत सकाळी बाहेर १५ अंश असताना इंजिनात शिरणारी हवा ३६ अंशांची होती. मार्चच्या दुपारी बाहेर ४० असताना ती ८३ झाली होती. हवा दाबली की तापते, हे तर उघड आहे. टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १५ अंशांची हवा ०.६ बार दाबल्यावर ७४ अंशांवर जाते आणि ४० अंशांची १०४ वर. म्हणजे ऋतूमुळे ३० अंशांचा फरक समजता येतो. इंटरकूलरनंतर तो ४७ का, याचे उत्तर उन्हात नव्हते.

बंपर उतरवला तेव्हा ते मिळाले. इंटरकूलर समोरून स्वच्छ दिसत होता; पण तो आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत रुई साठून तिचा नमद्यासारखा थर झाला होता. सूतगिरणीच्या आवाराला लागूनच जिनिंग आहे, आणि कापसाचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिथे जोरात चालतो. हवेत उडणारी रुई पंखा आत खेचत होता, ती रेडिएटरच्या जाळीवर अडत होती आणि इंटरकूलरमधून जाणाऱ्या हवेची वाट मागूनच बंद होत होती. रेडिएटरचे पाणी थोड्या वेळेपुरते निभावून नेत असल्याने काट्यावर काही कळत नव्हते. तो थर हाताने धरून ओढला तर सरकीच्या टरफलांसह अखंड निघून आला.

दुरुस्तीला वेळ लागला. पत्र्याच्या थरांची पॅकिंग परदेशातून मागवली, ७,८०० रुपयांची. तिच्यावर सीमाशुल्क आणि कुरिअरची हाताळणी मिळून ४,६०० रुपये पडले, आणि कुरिअरने मागितलेली ओळखीची कागदपत्रे चढवेपर्यंत पाकीट मुंबईत अडून राहिले. पॅकिंग मागवतानाच पॅन आणि आधार तयार ठेवले तर हा आठवडा वाचतो. अशी पॅकिंग खरखरीत पृष्ठभागावर बसत नाही. ट्रॅक्टरच्या बिडाच्या हेडला चालणारे फेसिंग तिला चालत नाही, म्हणून हेड आणि ब्लॉक दोन्ही नागपूरला बारीक फेसिंग करून आणले. ब्लॉकमधले दोन आटे सैल झाले होते, तिथे हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाकले आणि बोल्टऐवजी स्टड लावले. स्टडचा टॉर्क तीन टप्प्यांत आणि निर्मात्याने दिलेलेच वंगण लावून द्यावा लागतो. कोरड्या आट्यांचा आकडा वंगण लावलेल्या आट्यांना दिला तर ताण भलताच पडतो.

रेडिएटर आणि इंटरकूलरमधली फट तिन्ही बाजूंनी पत्र्याने बंद केली, समोर डासांची स्टीलची जाळी लावली, आणि नियंत्रकात अशी सूचना घातली की आत येणारी हवा ६० अंशांवर गेली की ठिणगी दर दहा अंशांना दोन अंश मागे यावी. चाचणी मुद्दाम नवतपात घेतली. बाहेर ४३ असताना आतली हवा ६४ अंशांवर थांबली, बाटलीतले पाणी जागचे हलले नाही, आणि प्लगवर ठिपके नाहीत.

एकूण खर्च गाडी धरून २ लाख ८० हजारांच्या घरात गेला. अश्वशक्ती किती झाली ते मोजलेले नाही, कारण त्यासाठी गाडी डायनोपर्यंत (ताकद मोजणाऱ्या यंत्रापर्यंत) वाहून न्यावी लागेल आणि ते भाडे सध्या झेपणारे नाही. दाब ०.६ बारच्या वर नेण्याचा विचारही तूर्त बाजूला आहे, कारण चौथ्या गियरमध्ये दाब भरला की आता क्लच घसरतो. मूळ इंजिनाच्या ताकदीसाठी केलेली ती प्लेट आहे. जास्त ताणाची स्प्रिंग असलेले कव्हर आणि तांब्याच्या पॅडची प्लेट कोइंबतूरला सांगितली आहे, १४,५०० रुपये, आणि यायला सहा आठवडे लागतील असे कळवले आहे.